बॉनेटखालच्या डब्याची बदली

धुळे ते जळगाव हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. पारोळा, एरंडोल, पाळधी करत चार सिलिंडरची एखादी डिझेल गाडी दीड तासात पोचली आणि वाटेत इंजिन मिनिटाला सरासरी २,००० फेरे फिरले असे धरू. म्हणजे क्रँकशाफ्ट १,८०,००० वेळा फिरला. चारही सिलिंडर मिळून दर फेऱ्याला दोनदा जळण होते, तेव्हा जळणाचे प्रसंग झाले ३,६०,०००. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाखालचे डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, डिझेल एका दमात सोडत नाहीत. आधी चिमूटभर, मग मुख्य फवारा. कमीत कमी एवढे दोनच धरले तरी फवाऱ्यांची संख्या ७,२०,००० होते. यातला प्रत्येक फवारा नेमका कधी सुरू करायचा आणि कधी तोडायचा, हे बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे बसवलेला, वहीएवढ्या आकाराचा ॲल्युमिनियमचा एक डबा ठरवतो. कंपनीच्या कागदावर त्याचे नाव इंजिन कंट्रोल मॉड्यूल. गॅरेजमध्ये कोणी ईसीएम म्हणतो, कोणी ईसीयू, आणि गाडीमालक सरळ ‘कॉम्प्युटर’ म्हणतो.

या डब्याचे काळाचे भान थक्क करणारे आहे. २,००० फेऱ्यांच्या वेगाला क्रँक एक अंश सरकायला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात. एका जळणापासून दुसऱ्या जळणापर्यंत अवकाश मिळतो १५ मिलिसेकंदांचा, आणि मुख्य फवारा जेमतेम एखाद्या मिलिसेकंदात संपतो. पिस्टन कुठे आहे हे डब्याला दिसत नाही. क्रँकवर दात असलेले एक चाक असते. साठ दातांची जागा, त्यातले दोन दात मुद्दाम वगळलेले. चाकाजवळचा सेन्सर दात मोजत राहतो. दोन दातांची फट आली की फेऱ्याची सुरुवात कळते आणि पुढचा प्रत्येक दात म्हणजे सहा अंश. पण क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कुठे एका सिलिंडरचे चक्र पुरे होते. पिस्टन वर आला तो दाबायला की धूर बाहेर टाकायला, हे कॅमशाफ्टचा सेन्सर सांगतो. पायाखालच्या ॲक्सिलरेटरलाही आता केबल नसते. पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि डबा त्यांची एकमेकांशी सतत पडताळणी करतो. दोघांचे म्हणणे जुळले नाही की चालकाच्या पायावर विश्वास न ठेवता गाडी हळू चालवायची, असा त्याला हुकूमच दिलेला असतो.

फवारा सोडणेही सोपे नाही. रेलमधल्या डिझेलवर दाब असतो १,६०० बार किंवा त्याहून जास्त. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर सोळा किलोमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाखाली जेवढा दाब असेल, तेवढा. अशा दाबाविरुद्ध इंजेक्टरची सुई क्षणात उचलायला बॅटरीचे १२ व्होल्ट अपुरे पडतात. म्हणून डबा आतल्या कपॅसिटरमध्ये ६५ ते ८० व्होल्ट साठवतो, सुई उचलताना ते एकदम सोडतो, आणि सुई उघडी राहावी म्हणून नंतर कमी प्रवाहावर येतो. चालू इंजिनात इंजेक्टरच्या कपलरला हात लावू नये असे मिस्त्री पोरांना दटावतो, ते यामुळे.

इंजिनाचे निर्णय यंत्रावर सोपवण्याची कल्पना जुनी. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएमडब्ल्यू ८०१ या विमानाच्या इंजिनात तेलाच्या दाबावर चालणारी एक यंत्रणा होती. वैमानिकाने एकच दांडा पुढे ढकलला की मिश्रण, ठिणगीची वेळ, पंख्याचा कोन सारे ती जुळवून घेई. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडण्याचा प्रयत्न अमेरिकेत बेंडिक्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीस केला. तो बाजारात टिकला नाही, पण त्याचे पेटंट बॉशकडे गेले आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत डी-जेट्रॉनिक आले. १९७९ मध्ये बॉशच्या मोट्रॉनिकने पेट्रोल आणि ठिणगी यांचा कारभार एकाच डब्याकडे दिला. १९८६ मध्ये बॉशने कॅन नावाची दोन तारांची पद्धत जगासमोर मांडली. तीवरून गाडीतले अनेक डबे एकमेकांशी बोलू लागले. पुढे डबा बदलण्याच्या कामात या दोन तारा पुन्हा भेटणार आहेत.

आपल्याकडे हा डबा हौसेने आला नाही. धुराच्या नियमांनी तो आणला. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांना युरो नियम लावले. त्यानंतर कार्ब्युरेटरचे दिवस भरले, आणि २००० च्या सुमारास मारुती ८०० सारखी साधी गाडीसुद्धा एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणारी, झाली. डिझेल गाड्यांत बदल सावकाश झाला. २००५ मध्ये स्कॉर्पिओला सीआरडीई नावाचे कॉमन रेल इंजिन मिळाले. एप्रिल २०१७ मध्ये धुराचे बीएस-४ नियम देशभर लागू झाले आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आले. आता चोपडा, यावल, साक्री, शिरपूरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या नव्या बोलेरोत किंवा क्रूझरमध्ये डब्यावाचून इंजिन सुरूच होत नाही.

त्याआधीचे खानदेशातले डिझेलचे ज्ञान वेगळ्या घडणीचे होते. नाशिकला सातपूरमध्ये सत्तरच्या दशकापासून मायकोचा कारखाना नोझल बनवत आला. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, तरी पंपवाल्यांच्या तोंडी अजून मायकोच. तेव्हाचा डिझेल पंप पूर्ण यांत्रिक. त्याचे कॅलिब्रेशन करणारा कारागीर धुराच्या रंगावरून आणि इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगे. ते कौशल्य वाया गेले असे म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. आज डबा बदलताना फसतात ते बहुधा कान न वापरणारे, नुसत्या स्कॅनरच्या पडद्यावर विसंबणारे लोक.

डबा नाजूक असतो हा समज चुकीचा. त्यातल्या चिप उणे ४० ते अधिक १२५ अंश सेल्सिअसपर्यंत काम करण्याच्या प्रतीच्या असतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे गेला, बॉनेटखाली त्याच्या दुप्पट ऊन तापले, तरी डबा चालत राहतो. विजेच्या बाबतीतही तो सोशिक आहे. चालू इंजिनात बॅटरीची वायर निसटली तर अल्टरनेटरमधून विजेची मोठी उसळी येते. आयएसओ १६७५० या मानकात १२ व्होल्टच्या गाडीसाठी ७९ ते १०१ व्होल्टपर्यंतच्या अशा उसळीची चाचणी आहे. त्याच मानकात २४ व्होल्टवर ६० सेकंद तग धरण्याचीही चाचणी आहे. कारण स्पष्ट आहे: रस्त्यात बंद पडलेल्या छोट्या गाडीला कुणीतरी कधीतरी ट्रकच्या बॅटऱ्यांवरून करंट देणारच.

धुळ्यात हे घडायला वेळ लागत नाही. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा असे तीन महामार्ग इथे भेटतात. बॅटरी उतरली की मदतीला सर्वांत आधी थांबतो तो ट्रकवाला, आणि त्याच्याकडे २४ व्होल्ट. मिनिटभरात गाडी सुरू झाली तर बहुधा निभावते. पाच मिनिटे सेल्फ मारत राहिले तर काय होईल याची हमी कुठलेच मानक देत नाही.

वेल्डिंग हा दुसरा शत्रू. पुढचा गार्ड, मागचे बंपर, टपावरचे कॅरिअर जोडताना बॅटरीची वायर न काढता वेल्डिंगची अर्थिंग भलत्या ठिकाणी लावली, तर तो मोठा प्रवाह डब्यातून वाट काढू शकतो. आतल्या वायरी कुरतडणारे उंदीर तर शेतातल्या शेडपासून शहरातल्या पार्किंगपर्यंत सगळीकडे. पण सर्वांत आडवळणाने डबा मरतो तो पाण्याने. गाडी उन्हातून धावून येते, डबा तापलेला असतो, आतली हवा फुगलेली. त्यावर वॉशिंग सेंटरवाला गार पाण्याचा जोरदार फवारा मारतो. आतली हवा झटकन आकसते आणि डबा बाहेरचे पाणी सीलमधून, कधी तर तारांच्या पोकळीतून, आत ओढू लागतो. हे टाळण्यासाठी अनेक डब्यांना नखाएवढी एक गोल खिडकी ठेवतात. तीवर ताणलेल्या टेफ्लॉनच्या पापुद्र्याची छिद्रे इतकी बारीक की हवा आत-बाहेर जाते आणि पाण्याचा थेंब अडतो. ती खिडकी मातीने बुजली किंवा कुणी ‘पाणी शिरू नये’ म्हणून तिच्यावर सिलिकॉन फासले, तर संरक्षणच अपायाचे कारण ठरते. काळ्या मातीच्या मुलखात ती एकदा पुसून पाहायला काहीच हरकत नाही.

गाडी टोचन करून गॅरेजला येते आणि मालक म्हणतो, ‘‘चालूच व्हत नही, भो. कॉम्प्युटर गया आसी.’’ इथून पुढचा तास सगळ्यात महत्त्वाचा. डबा हा गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक, आणि त्याच्यावर आळ येणाऱ्या कितीतरी गाड्यांत तो निर्दोष असतो. स्कॅनरवर पी०६०६ आला तर प्रोसेसरवर संशय, पी०६०१ आला तर स्मृतीवर. पण यू०१०० आला, म्हणजे बाकीच्यांना डब्याचा आवाजच येईना, तर दोष डब्याचा की त्याच्यापर्यंत जाणाऱ्या तारांचा हे अजून ठरायचे असते.

जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन आधी डब्याचे अन्नपाणी पाहतो: फ्यूज, रिले, बॅटरीकडून येणारी वायर आणि अर्थिंग. इथे मल्टीमीटर फसवतो. गंजून एकच धागा उरलेल्या वायरवरही तो १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर प्रवाह जवळजवळ ओढतच नाही. म्हणून जुने लोक कपलरच्या त्या टोकाला हेडलाईटचा बल्ब जोडून पाहतात. बल्ब लख्ख पेटला तर वायर खरी. मिणमिणला तर चोर सापडला, आणि काम पन्नास रुपयांच्या तारेत भागते.

पुढचा संशयित म्हणजे ५ व्होल्टची लाईन. डबा बऱ्याच सेन्सरना तिच्यावरून वीज पुरवतो. त्यातला एखादा दाबाचा सेन्सर आतून शॉर्ट झाला की लाईन शून्यावर येते, एकाच वेळी पाच-सहा सेन्सर खराब झाल्याचे कोड दिसतात आणि कधी स्कॅनरही जोडला जात नाही. डबा मेल्याचे चित्र हुबेहूब उभे राहते. उपाय सोपा: एकेक सेन्सरचे कपलर काढत जायचे आणि मीटरकडे पाहायचे. ज्याचे कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी. मग त्या कॅनच्या दोन तारा. त्यांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये, बॅटरी काढून, ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजले तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर कुठेतरी तार तुटली आहे. एवढे सगळे बरोबर निघाले, वीज पोचते आहे, तारा ठीक आहेत आणि तरीही डबा मुका, तरच त्याच्या बदलीचा विचार.

प्रत्यक्ष खोल-फिट करायला फार वेळ लागत नाही. बॅटरीची मायनस वायर काढायची, कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटे द्यायची, हाताची स्थिर वीज गाडीच्या लोखंडाला टेकून उतरवायची, कपलरचा खटका उलटवून ते सरळ ओढायचे आणि चार बोल्ट काढायचे. नवा डबा त्याच जागी. दहा नंबरच्या पान्याचे काम इथे संपते आणि गाडी सुरू होत नाही.

कारखान्यातून आलेला कोरा डबा म्हणजे सातबारे हाती न पडलेला, नुकताच बदलून आलेला तलाठी. काम त्याला सगळे येते, पण हे गाव कोणाचे ते ठाऊक नसते. म्हणून आधी त्याच्यात त्या मॉडेलचे सॉफ्टवेअर भरतात. ही भरती चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर लिखाण अर्धवट राहते आणि नवाकोरा डबा निकामी होऊ शकतो. त्यामुळे गाडीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर लावून ठेवतात. लाईट कधी जाईल हे ज्याला चांगले माहीत आहे तो आपल्याकडचा माणूस लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतो.

मग गाडीची ओळख. चासीवर कोरलेला सतरा अक्षरांचा क्रमांक डब्यात लिहावा लागतो. त्याची सुरुवातच घराणे सांगते: एमए१ म्हणजे महिंद्रा, एमए३ मारुती, एमएटी टाटा. त्यानंतर किल्ली. तिच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, बॅटरी नसलेली एक चिप असते. इग्निशनभोवतीच्या कड्यातून मिळणाऱ्या लहरींवरच ती जागी होते. चोरी रोखणारा इमोबिलायझर तिला प्रश्न टाकतो, चिप आपल्या गुप्त आकड्याने त्याचे उत्तर काढते, आणि उत्तर जुळले तरच डबा इंजेक्टरना हात लावू देतो. नव्या डब्याची ही जुळणी करायला कंपनीकडचा सुरक्षा कोड लागतो. सेल्फ फिरतो, डिझेल येत नाही आणि किल्लीचे चिन्ह लुकलुकते, अशी अर्धवट बदली झालेली गाडी पाहिली की दोष कुठे राहिला हे लगेच कळते.

डिझेलमध्ये आणखी एक पायरी असते आणि ती मला या सगळ्या कामात सर्वांत सुंदर वाटते. कारखान्यात दोन इंजेक्टर कधीच तंतोतंत सारखे बनत नाहीत. सुईच्या हालचालीत मायक्रॉनचा फरक राहतोच. म्हणून प्रत्येक इंजेक्टर बनल्यावर चाचणीयंत्रावर तपासतात आणि तो किती कमी-जास्त डिझेल सोडतो याची नोंद अक्षरा-आकड्यांच्या संकेतात त्याच्याच डोक्यावर कोरतात. ते चारही संकेत, ज्या त्या सिलिंडरच्या क्रमाने, डब्यात भरायचे. मग डबा एकाचा फवारा काही मायक्रोसेकंद लांबवतो, दुसऱ्याचा तोडतो, आणि चार वेगवेगळे इंजेक्टर एकसारखे वागतात. इंजेक्टरवरची काजळी पुसून भिंगाने ते संकेत वाचायचा कंटाळा केला, तर गाडी चालते, पण उभ्या जागी थरथरते, ठोके देते, धूर टाकते आणि मालकाला वाटते नवा डबाच खराब निघाला.

बीएस-६ डिझेलमध्ये धुराच्या गाळणीचाही हिशेब असतो. तिच्यात साठलेली राख डब्याच्या नोंदीत राहते. नव्या डब्यात ती नोंद नेली नाही तर लाखभर किलोमीटर चाललेली गाळणी त्याला कोरी वाटते. पेट्रोल गाडीत थ्रॉटलच्या झडपेची बंद जागा शिकवावी लागते, नाहीतर सिग्नलला इंजिन बंद पडते.

बाहेरून सारखा दिसणारा डबा आतून वेगळा असू शकतो, म्हणून लेबलवरचे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरचे दोन्ही क्रमांक जुळवावे लागतात. सॉफ्टवेअरची ताकद केवढी, हे जगाला सप्टेंबर २०१५ मध्ये कळले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतला डबा चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत होता. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने तपासणी केली, आणि त्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांतल्या बहुतेकांचा दोष सॉफ्टवेअर बदलून काढायचा होता.

नवा डबा महाग, शिवाय कधी वेळेवर मिळत नाही. २०२१ मध्ये चिपच्या जागतिक तुटवड्यामुळे कारखान्यांतली उत्पादनेच अडली होती, मग सुट्या भागांची काय कथा. त्यामुळे भंगारातल्या गाडीचा डबा आणून त्यात जुन्या डब्यातला मजकूर जसाच्या तसा उतरवण्याचा, म्हणजे क्लोनिंगचा, धंदा वाढला आहे. जुन्याची स्मृती वाचता येत असेल तर ही पद्धत हुशारीची. किल्ली, क्रमांक, इंजेक्टरचे संकेत सगळे एकत्र येते आणि कंपनीच्या कोडची गरज पडत नाही. पण हीच युक्ती चोरांनाही कळली आहे. आपल्या किल्लीशी आधीच जुळवलेला डबा बरोबर आणायचा, बॉनेट उघडून अदलाबदल करायची आणि गाडी घेऊन जायचे. भंगारातला डबा घेताना कोणत्या गाडीतून निघाला याचा कागद मागायला म्हणूनच लाजू नये.

कोड आणि स्कॅनर कोणाच्या हाती असावेत हा वाद आपल्याकडे कायद्याच्या दारातही गेला. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना न देऊन त्या बाजार अडवतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. अपिले झाली, प्रकरण लांबले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून बाहेर पडणाऱ्या पोराच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नाही. पाना त्याच्याकडे असतो, सुरक्षा कोड नसतो.

बदली झाल्यावर जुने कोड पुसून गाडी रस्त्यावर काढतात, चढावर, सपाटीवर, उभ्या जागी एसी लावून. पहिले काही किलोमीटर डबा शिकत असतो, म्हणून किंचित हिसका बसला तर लगेच घाबरायचे कारण नाही. चेक लाईट परत लागली तर मात्र थांबून कोड वाचावा. बिलावर नव्या डब्याचे दोन्ही क्रमांक लिहून घ्यावेत. जुना डबाही मागून घ्यावा. त्याचा प्रोसेसर गेला असला तरी स्मृतीची चिप अनेकदा शाबूत असते, आणि नव्याची जुळणी कुठे अडली तर किल्लीचा आणि इंजेक्टरचा हिशेब तिच्यातून वाचता येतो.